भाऊजी आणि मागच्या चाकावरचं टेंगूळ

माणूस वाईट नसला, की त्याच्याबद्दल लोकांना सांगण्यासारखं काही सापडत नाही. आमच्या भाऊजींचं तसंच आहे. कुणी विचारलं, "तुमचे धाकटे दीर काय करतात हो?" तर आम्ही म्हणतो, "टायरचं दुकान आहे," आणि बोलणं तिथेच संपतं. त्यांच्या आयुष्यातली एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती नेमकी त्यांनी केलेल्या लबाडीची. म्हणून लिहावी की नाही, यावर मी बरेच दिवस घुटमळले. शेवटी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिहा की. खोटं थोडंच आहे?"

आमच्या घरावरून उतार खाली जातो, त्याच्या टोकाला त्यांचं दुकान. तिथे डांबर संपतं आणि खडीची वाट लागते. पुढे खाणी, आणि खाणींच्या पलीकडे नुसतं दगडांचं पठार. त्यामुळे दुकानात येतात ती सगळी थोराड वाहनं. पत्र्याची शेड, कॉम्प्रेसर, भिंतीला लावलेल्या टायरांच्या चळती आणि मधोमध एक लोखंडी पिंजरा. मोठ्या टायरात हवा भरताना तो या पिंजऱ्यात ठेवतात. फुटलाच तर पिंजऱ्यात फुटावा, माणसाच्या तोंडावर नको. शेडच्या मागे भाऊजींची खोली. खाट, स्टोव्ह, खिळ्याला आरसा आणि खिडकीत देवाची लहानशी तसबीर. ती मी दिलेली. ते तिच्यावरची धूळ रोज पुसतात, पण हात जोडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

ड्रायव्हर लोक त्यांना मुके मिस्त्री म्हणतात. गाडी आली की हातानं 'इकडे घ्या' अशी खूण, काम संपलं की "झालं" एवढा एक शब्द. आमचे हे म्हणतात, "याच्यापेक्षा याचा कॉम्प्रेसर जास्त बोलतो. निदान थांबताना सुस्कारा तरी टाकतो."

लग्नाचं एकदा जमत आलं होतं. मुलीकडचे बघायला आले तेव्हा भाऊजी एका ट्रकखाली आडवे. सासूबाई हाका मारून दमल्या. "आलो, आलो," म्हणत राहिले आणि बाहेर काही आले नाहीत. पाहुण्यांनी त्यांचे बूट तेवढे पाहिले. मुलीचा मामा म्हणाला, "बूट पसंत आहेत, बाकीचं दिसलं तर कळवा." पुढे सासूबाई गेल्या, आमची मुलं मोठी व्हायला लागली, घर अपुरं पडायला लागलं. एक दिवस भाऊजींनी स्वतःची गादी गुंडाळली आणि दुकानामागे राहायला गेले. "का हो भाऊजी?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "तिथे हवा चांगली आहे." टायरच्या दुकानात!

तेव्हापासून रविवारी दुपारी जेवायला येतात. वर्तमानपत्र वाचतात, "येतो" म्हणतात, जातात. मी शंभरदा म्हटलं असेन, की रोज येत जा. "बघू." कधी काही मागितलं नाही, कधी काही विचारलं नाही. ताप आला तरी आम्हाला शेजारच्या वेल्डरकडून कळायचं.

मात्र टायर बघायला बसले, की ते वेगळेच माणूस होतात. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो त्याचं त्यांना फार कौतुक नाही. त्याला खिळा लागू दे, भोक पडू दे, ते बुजवता येतं. त्यांचा सगळा जीव बाजूच्या भागात. त्याला ते गाल म्हणतात. मला एकदा म्हणाले होते, "वहिनी, रस्ता खालचा भाग झेलतो, पण वजन गाल पेलतो. लोक गालाकडे बघतच नाहीत." गालावर चीर असली तर बोथट सुईनं तिच्या कडा उचलून आत तारा दिसतात का बघायचं. रबराच्या आत पोलादी तारांचं जाळं असतं. ते शाबूत असेल तर चीर नुसती कातडीवरची. गालावर फुगवटा, म्हणजे टेंगूळ आलं असेल तर आतल्या तारा तुटल्या असं समजायचं. तरी तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही. टायर रिमवरून उतरवायचा, बाही कोपराच्या वर सरकवायची आणि उघडा तळवा आतून सगळीकडे फिरवायचा. आत काळी भुकटी सापडली तर टायर कमी हवेवर फार पळालाय. सुरकुती लागली तर जाळं खिळखिळं झालंय. हे सगळं झाल्यावर भाऊजी खिशातला पिवळा खडू काढायचे. टायरवर पिवळी फुली पडली, की त्यात हवा भरायची नाही. मग मालक ओरडो, शिव्या देवो. आणि गंमत म्हणजे शिव्या देणारेसुद्धा फुली मारलेला टायर गपचूप टाकून द्यायचे. मुके मिस्त्रींच्या फुलीवर अपील नाही, असं म्हणायचे.

अशा माणसाच्या दुकानाशी एका संध्याकाळी एक घर येऊन थांबलं.

घरच म्हणायला हवं. खाली जुन्या लष्करी ट्रकचा सांगाडा, माणसाच्या छातीपर्यंत येणारी चाकं, आणि वर खोली. खोलीला खिडक्या, खिडक्यांना पडदे, मागे दार आणि दाराला घडीचा जिना. एका खिडकीत पुदिन्याची कुंडी दोरीनं बांधलेली. मी गच्चीवर कपडे काढत होते, ते तसेच टाकून आम्ही दोघं खाली गेलो. साऱ्या गल्लीनंच तिकडे धाव घेतली होती.

पुढच्या दारातून पांढऱ्या दाढीचे, गुडघ्यापर्यंत चड्डी घातलेले एक गृहस्थ उतरले. "नमस्कार मंडळी! बिऱ्हाड आणलंय, जागा आहे का?"

हे माझ्या कानात म्हणाले, "या वयात अर्धी चड्डी."

"तुम्ही घाला की," मी म्हटलं.

गृहस्थांनी सगळ्या गल्लीला आपली हकिकत सांगून टाकली. जन्मभर जहाजाच्या इंजिनखोलीत नोकरी केलेली. निवृत्त झाले, पुढे बायको गेली, मग राहतं घर काढून टाकून हे चाकांवरचं बांधलं. वापरलेला ट्रक, वापरलेली चाकं, खोली मात्र स्वतःच्या हातची. पठाराच्या पलीकडे त्यांची लेक राहते. तिचे दिवस भरत आलेले, पहिलंच बाळंतपण. जावई कामासाठी दूरदेशी. "दोन खोल्यांत राहते पोर. मी जाऊन तिच्या अंगणात घर उभं करणार. ती तिच्या घरात, मी माझ्या घरात, आणि बाळ जिथे रडेल तिथे दोघंही! शब्द दिलाय तिला, बाळाच्या आधी पोचतो म्हणून."

फक्त चिखल धुताना मागच्या डाव्या चाकाच्या बाजूला काहीतरी वर आलेलं दिसलं होतं. पठारावर दगड फार, वस्ती नाही, आणि जास्तीचं चाक वाटेत आधीच फाटलेलं. म्हणून आत शिरण्याआधी दाखवायला आले होते.

भाऊजी चाकाशी उकिडवे बसले. बॅटरीचा उजेड तिरका धरून गालावरून फिरवला. तळहाताएवढं टेंगूळ अगदी स्पष्ट दिसत होतं, मलासुद्धा. पलीकडे ते गृहस्थ बोलतच होते, पोरं जिन्यावर चढत होती, आमचे हे आत डोकावून "अहो, इथे तर मोरीसुद्धा आहे!" असं ओरडत होते. भाऊजींनी एकदा वर खिडकीतल्या पडद्याकडे पाहिलं, एकदा चाकाकडे. खिशातून खडू काढला आणि टायर न उतरवता, आत हात न घालता, फुली मारली.

"जाणार नाही," ते म्हणाले.

"हळू गेलो तर?"

"नाही."

"फारच हळू?"

"पायी जा," भाऊजी म्हणाले. गल्लीला हसू फुटलं. त्यांच्या तोंडून एवढा मोठा विनोद कुणी ऐकला नव्हता.

त्या मापाचा टायर आमच्याकडे कुठून मिळणार? मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला फोन झाला. तो म्हणाला, बघतो, आला की मालगाडीत टाकून देतो. मग ते घर शेडच्या शेजारच्या मोकळ्या जागेत लावलं आणि भाऊजींनी त्याच्या एका बाजूला जॅक देऊन चाक काढून घेतलं. पोरांनी गृहस्थांचं नाव गोगलगाय ठेवलं. गृहस्थांना ते इतकं आवडलं, की फोनवर लेकीलाही "गोगलगाय बोलतेय" म्हणायला लागले.

आणि आमच्या भाऊजींना कुणीतरी मिळालं.

सकाळी गोगलगाय दोन पेले चहा घेऊन शेडमध्ये यायचे. "मिस्त्री, ऊठ! इंजिन गरम कर!" दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच अरे-तुरेवर आले होते. सुरुवातीला भाऊजी उभ्या उभ्या चहा पिऊन टाकायचे. मग टेकायला लागले. मग एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर भाऊजी त्या घरात! पाय पुसून, चपला खाली काढून, बाकावर अगदी कडेला बसलेले आणि पत्ते खेळत होते. "वहिनी, तुमचा दीर पत्त्यात लबाडी करतो," गोगलगाय म्हणाले. "येत नाहीत त्यांना," मी म्हटलं. "तेच तर! येत नसून जिंकतो."

मी डबा आता दोघांचा द्यायला लागले. एकदा गच्चीवर असताना खालून कुणीतरी हसलं. खो-खो, गुदमरल्यासारखं. मला वाटलं कुणाची तरी गाडी सुरू होत नाही. वाकून पाहिलं तर भाऊजी. त्या संध्याकाळी दिवा लावताना मी देवाला म्हटलं, फार वर्षांनी ऐकवलंस, असंच चालू दे.

देवानं माझं ऐकलं असतं तर बरं झालं नसतं, हे मला पुढे कळलं.

त्या आठवड्यात भाऊजी रविवारी आले, जेवले, पण वर्तमानपत्र उघडलं नाही. आमचे हे आत जाऊन आडवे झाले. भाऊजी मोरीवर हात धुवायला गेले आणि नळ सोडून तसेच उभे राहिले.

"वहिनी, तो टायर चांगला आहे."

"कुठला?"

"त्याचा. मागचा." मग नळ बंद केला. "मी दुसऱ्या दिवशी उतरवला. म्हटलं, तारा कुठे तुटल्यात बघावं. हात घातला तर आत ठिगळ. आधीच्या मालकानं कुणा चांगल्या कारागिराकडून गालाची दुरुस्ती करून घेतलीय. पक्कं, भट्टीत भाजून बसवलेलं, कडा कुठे सुटलेल्या नाहीत. भुकटी नाही, सुरकुती नाही. ठिगळाची जाडी बाहेर दिसते, तेच ते टेंगूळ. अशा दुरुस्तीवर बाहेरून एक निळा त्रिकोण चिकटवतात, बघणाऱ्याला कळावं म्हणून. तो घासून गेलाय. नीट धुतल्यावर त्याची एक कड सापडली मला."

"मग?"

"पिंजऱ्यात घालून हवा भरली. रात्रभर ठेवली. टेंगूळ दोऱ्यानं मोजलं होतं, सकाळी पुन्हा मोजलं. केसभर वाढलं नाही. मागच्या चाकाला खुशाल चालेल."

"म्हणजे ते दुसऱ्याच दिवशी निघू शकले असते?"

भाऊजी टॉवेलला हात पुसत राहिले. कोरडे झाले तरी पुसत राहिले. "नवा टायर लागेलच की त्याला. जास्तीचं चाक म्हणून."

"भाऊजी."

"मला वाटलं, एक दिवस. मग वाटलं, टायर आज येईल, उद्या येईल. आला की आपोआप सुटेल."

ओरडावं तर एवढी वर्षं भाऊजी एकटे आहेत हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी एक रविवार देत होते. गप्प बसावं तर तिकडे एक पोर दिवस मोजत होती. मी एवढंच म्हटलं, "देव बघतोय असं मी म्हणणार नाही. पण ती पोर वाट बघतेय."

"सांगतो," ते म्हणाले. "उद्या."

उद्या काही उजाडला नाही. मी डबा घेऊन गेले की भाऊजी माझ्याकडे बघायचे नाहीत. गोगलगाय मात्र खुशीत. त्यांनी भाऊजींच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं ते लावून दिलं. भाऊजींनी त्यांच्या जिन्याची सैल पायरी वेल्डरकडून पक्की करून घेतली. दोन माणसं एकमेकांची घरं सांभाळत होती, आणि मध्ये तो फुलीचा टायर भिंतीला टेकून उभा होता. व्यापारी रोज म्हणायचा, निघालाय, वाटेत आहे. मला मेलीला त्याचाही राग यायला लागला. टायर एकदाचा आला असता तर सगळं झाकलं तरी गेलं असतं.

मग एके दिवशी दुपारी मी शेडमध्ये पाय ठेवला, तर गोगलगाय फोनवर होते. भाऊजी खाली बसून ट्यूबचं रबर कानशीनं घासत होते. फोन मोठ्या आवाजात ठेवलेला, त्यामुळे लेकीचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बाबा, डॉक्टरीण म्हणते आता केव्हाही."

"येतो गं राणी. टायर आला की निघालोच. हा मिस्त्री सोडत नाही ना!"

"त्यांना द्या फोन."

"अगं, तो बोलत नाही."

"ऐकतात तरी ना? काका! मिस्त्रीकाका! नमस्कार करते. बाबांचं ऐकू नका हं. ते घाई करतील. चांगला टायर बसवल्याशिवाय सोडू नका त्यांना. मी थांबते, बाळालाही थांबायला सांगितलंय." ती हसली. "आई गेल्यापासून त्यांना कुणी 'नाही' म्हणत नाही. तुम्ही म्हणालात, म्हणून मला झोप लागते."

भाऊजींच्या हातातली कानस थांबली. गोगलगायनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाले, "बघ, मला सोडून तुलाच काका केलं. आता बारशाला यावं लागेल." मग माझ्याकडे वळले. "वहिनी, आज डब्यात काय?"

"हात घाल," भाऊजी म्हणाले.

"डब्यात?"

"टायरमध्ये."

गोगलगायना वाटलं काहीतरी गंमत आहे. हसत हसत गेले, बाही वर केली. भाऊजींनी त्यांचा पंजा धरला आणि टायरच्या आत नेला, टेंगळाच्या मागच्या बाजूला. जसं लहान मुलाचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर गिरवतात तसं.

"काय लागतंय?"

"जाड आहे इथे. गुळगुळीत. हे काय?"

"ठिगळ. चांगलं आहे. तारा शाबूत आहेत."

"अरे, मग वर टेंगूळ?"

"ठिगळाचंच. बाहेरून बघून मी चुकलो."

गोगलगायचा चेहरा उजळला. "म्हणजे मी जाऊ शकतो? आजच? अरे, मग सांगतोस काय असा सुतकी तोंड करून? चूक काय, कुणाचीही होते!" आणि मग त्यांचा हात तसाच टायरमध्ये असताना त्यांनी विचारलं, "तुला कळलं कधी?"

त्या क्षणी भाऊजी म्हणू शकले असते, आत्ता. कोण बघायला होतं? मी होते, पण मी बोलले नसते. मी शपथेवर सांगते, मी तोंड उघडलं नसतं.

"दुसऱ्या दिवशी," भाऊजी म्हणाले.

वेल्डरच्या दुकानातून ठिणग्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला, पुन्हा सुरू झाला. गोगलगायनी हात बाहेर काढला. हाताला लागलेलं काळं चड्डीला पुसलं.

"चाक चढव," शेवटी म्हणाले.

भाऊजींनी ओल्या फडक्यानं पिवळी फुली पुसली. टायर रिमवर बसवला, पिंजऱ्यात ढकलला आणि स्वतः लांब उभे राहून थोडी थोडी हवा भरली, साबणाचं पाणी मारून बुडबुडे येतात का पाहिलं. चाक चढवलं, नट आवळले, पुन्हा आवळले. एरवी अशा वेळी गोगलगाय हातात पाना घेऊन मध्येमध्ये करायचे. आज ते आत आपलं सामान बांधत होते. भांड्यांचा आवाज येत होता. घडीचा जिना वर ओढला गेला.

मी डबा पुढे केला. "वाटेत खा."

"नको वहिनी, पोटात जागा नाही," ते म्हणाले. मला कधी कुणी इतक्या आदरानं 'नाही' म्हटलेलं नाही, आणि इतकं लागलेलंही नाही.

ते ड्रायव्हरच्या जागेवर चढले. भाऊजी खाली उभे. मला वाटलं, आता काहीतरी तोडून बोलतील. बोलले असते तर भाऊजींना सोपं गेलं असतं. पण गोगलगाय स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या खडीकडे बघत म्हणाले, "मिस्त्री, तू 'थांब रे दोन दिवस' असं म्हणाला असतास ना, तर मी थांबलो असतो. लेकीला काहीतरी थाप मारून थांबलो असतो. तोंड उघडून विचारायचं होतंस."

"हवा मध्ये एकदा बघ," भाऊजी म्हणाले. "पठार ओलांडल्यावर."

घर निघालं. पडदे हलत हलत खाणीच्या वळणापर्यंत दिसले, मग नुसती धूळ दिसली. भाऊजी शेडमध्ये आले आणि कुणाचंही काम नसताना कॉम्प्रेसर चालू करून बसले. तो भरला, थांबला, सुस्कारा टाकला. मी डबा तिथेच ठेवून आले.

काही दिवसांनी गोगलगायच्या लेकीचा भाऊजींना फोन आला. त्या वेळी भाऊजी आमच्याकडे होते, रविवार होता. आवाज थकलेला पण खूश. "मिस्त्रीकाका, बाबा पोचले. मुलगी झाली. बाबांच्या आदल्या दिवशीच आली हो, थांबली नाही कार्टी! पण शेजारीण होती, सगळं नीट झालं. बाबा म्हणतात, मिस्त्रीनं टायर अगदी नीट तपासून दिला, वाटेत काही त्रास झाला नाही."

म्हणजे गोगलगायनी लेकीला सांगितलंच नव्हतं. दिलेला शब्द एका दिवसानं मोडला, आणि तो कुणामुळे मोडला हे त्या भल्या माणसानं पोटात ठेवलं.

"बाबांना फोन देता?" भाऊजी म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. या माणसानं आजवर कुणाला फोन द्या असं म्हटलं नव्हतं.

पलीकडे लेकीनं हाक मारल्याचं ऐकू आलं, मग बराच वेळ काही नाही. मग ती म्हणाली, "काका, ते जरा अंगणात आहेत. बाळाचे कपडे वाळत घालतायत. नंतर करतील तुम्हाला."

"बरं," भाऊजी म्हणाले. "बाळाला सांभाळा."

तो फोन अजून आलेला नाही. आमचे हे म्हणतात, येईल, माणूस दिलदार आहे. मी रोज देवापुढे त्या फोनचं नाव घेते. भाऊजींना तसं सांगितलं तर म्हणाले, "माझ्यासाठी मागू नका वहिनी. फोन करायचा की नाही, हे त्या माणसाकडे आहे."

दुकान चालू आहे. कुणी शंका काढत नाही, फुलीवर अजून अपील नाही. पण भाऊजी आता टायर उतरवून आत हात घातल्याशिवाय खडूला शिवत नाहीत, कितीही उघड दिसत असलं तरी. आणि आणखी एक झालंय. परवा मी दुपारची काही निरोप द्यायला गेले होते. खाणीवरचा एक डंपरवाला हवा भरून निघत होता. भाऊजी त्याच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, "चहा ठेवलाय. बसता का थोडा वेळ?"

डंपरवाला दचकलाच. "मिस्त्री, बरं आहे ना? तब्येत?"

"बरी आहे. एकटाच पितो, म्हणून विचारलं."

"नाही हो, आज फेऱ्या बाकी आहेत. पुन्हा कधीतरी," असं म्हणत तो गेला. जाताना आरशातून दोनदा मागे पाहिलं त्यानं.

भाऊजींनी एक पेला मला दिला, एक स्वतः घेतला. "कालचाही नाही म्हणाला," ते म्हणाले. "परवा वेल्डर बसला होता, पण त्याला साखर जास्त लागते." मग रस्त्याकडे बघत राहिले. चढावर दुसऱ्या डंपरचा आवाज यायला लागला होता. त्यांनी स्टोव्हची वात वर केली आणि पातेल्यात अजून एक पेला पाणी ओतलं.